सर्कशीच्या बिऱ्हाडातील खाँसाहेब

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे रेल्वेमार्गावर आली ती 1860 च्या दशकात. मुंबईहून नागपूरकडे गेलेल्या या लोहमार्गाने करमणुकीचीही रीत बदलली. घोडे, पिंजरे, अवजड तंबू बैलगाड्यांवर लादून किती मजल मारणार? फिरत्या सर्कशीला देश मोकळा झाला तो आगगाडीमुळे.

लंडनमध्ये 1768 साली फिलिप अ‍ॅस्टली याने अश्वविद्येचे खेळ मांडले. आपल्याकडेही सर्कस जन्मली ती घोड्याच्या पाठीवरच. कुरुंदवाड संस्थानच्या पागेवरील विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत इटालियन चिआरिनीची सर्कस पाहिली. हिंदी माणसाला हे साधणार नाही, असे तो म्हणाल्याची कथा सांगतात. 20 मार्च 1880 रोजी छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ मुंबईत झाला, हे मात्र निर्विवाद.

आम्हांस मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणे शिकले होते. पुढे गुरुपुत्र रहिमत खाँ त्यांना काशीत भेटले ते विपन्नावस्थेत, मनाचा तोल गेलेले असे. छत्र्यांनी त्यांना सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले. जनावरांच्या पिंजऱ्यांशेजारी ख्यालगायकी नांदू लागली!

सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तेव्हा कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी छत्र्यांचा परिचय झाला. 1901 मध्ये कुन्हिकण्णन यांनी तेथे सर्कशीची शाळा काढली, आणि पुढे मराठी मालकांच्या तंबूंतही झुल्यावर मलयाळी मुलेमुली दिसू लागली.