परक्या वर्गातला पहिला दिवस

तळवडे, निगडी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत गेले की भिंतीवरच्या फलकांवर कायझेन, कानबान, पोका-योके असे शब्द दिसतात. यंत्रावर उभा असलेला कामगार ते शब्द आता आपलेच असल्यासारखे वापरतो. तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमधले काही अभियंते कामाबरोबर जपानी भाषाही शिकतात. त्यांना ती शिकवणारा शिक्षक अनेकदा मराठीच असतो. विद्यार्थी कुठे अडणार हे त्याला ठाऊक असते, कारण तो स्वतः तिथेच अडलेला असतो.

याच्या उलट चित्र डोळ्यांसमोर आणा. वर्ग सगळा जपानी बोलणारा आणि समोर उभा असलेला शिक्षक परदेशी, त्याला इंग्रजी येते पण जपानी येत नाही. अशा शिक्षकाने सुरुवात कुठून करायची? जपानात हा प्रश्न गेली पावणेदोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला. त्याची उत्तरे आपल्या वर्गांनाही उपयोगी पडण्याजोगी आहेत.

कोठडीतला वर्ग

सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानने युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना आणि तेही नागासाकी या एकाच बंदरात येऊ दिले होते. त्यामुळे तिथले सरकारी दुभाषे डच शिकत. १८०८ साली 'फेटन' हे इंग्रज जहाज डच झेंडा लावून नागासाकीत शिरले आणि राज्यकर्ते खडबडून जागे झाले. १८०९ मध्ये दुभाष्यांना इंग्रजी शिकण्याचा हुकूम झाला. शिकवायला मिळाला तो ब्लोमहॉफ नावाचा डच माणूस. १८१४ मध्ये पहिला इंग्रजी-जपानी शब्दकोशही तयार झाला, पण त्यातले उच्चार डच वळणाचे होते.

इंग्रजी मातृभाषा असलेला पहिला शिक्षक जपानला मिळाला तो कैदी म्हणून. रॅनल्ड मॅकडोनाल्डचे वडील स्कॉटिश आणि आई उत्तर अमेरिकेतल्या चिनूक जमातीची होती. जपानविषयीच्या ओढीने १८४८ मध्ये तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून एका होडीत उतरला आणि जपानच्या उत्तर टोकाजवळच्या रिशिरी बेटावर पोचला. परवानगीशिवाय आलेला म्हणून त्याला पकडून नागासाकीला नेले व एका देवळाच्या आवारात कोंडून ठेवले. तिथे १४ दुभाषे त्याच्याकडे इंग्रजी शिकू लागले. एकेकाने मोठ्याने वाचायचे, मॅकडोनाल्डने उच्चार सुधारायचे आणि स्वतः उचललेल्या मोडक्यातोडक्या जपानीत अर्थ सांगायचा, असा हा वर्ग चाले.

या वर्गात त्याला दोन गोष्टी दिसल्या. विद्यार्थ्यांना 'ल' म्हणता येत नसे, ते त्याऐवजी 'र' म्हणत. शिवाय व्यंजनाने संपणाऱ्या शब्दापुढे ते एखादा स्वर जोडत. म्हणून त्याचे स्वतःचे नावही 'रानारुदो माकुदोनारुदो' अशा धर्तीवर उच्चारले जाई. हा बुद्धीचा किंवा जिभेचा दोष नव्हता. जपानीत 'ल' आणि 'र' असे दोन वेगळे वर्ण नाहीत, आणि अनुनासिक सोडले तर शब्द व्यंजनाने संपत नाही. कान जे लहानपणापासून ऐकतो त्याच साच्यात नवा आवाज बसवतो. आपल्याकडे 'स्टेशन'चे 'ठेसन' आणि 'स्कूल'चे 'इस्कूल' झाले ते याच नियमाने. इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण दोन्ही 'व'नेच म्हणतो, तेही त्यामुळेच.

१८४९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी जहाज मॅकडोनाल्डला घेऊन गेले. वर्ग उण्यापुऱ्या सात महिन्यांचा. पण त्यातला मोरियामा एइनोसुके हा विद्यार्थी १८५४ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत जपानचा दुभाषा होता.

फुकुईतली प्रयोगशाळा

१८६८ नंतर जपानचे धोरण पालटले. सरकारने आणि सरदारांनी परदेशी शिक्षक पगार देऊन बोलावायला सुरुवात केली. अमेरिकेच्या रटगर्स कॉलेजात विल्यम ग्रिफिसने फुकुई संस्थानातून आलेल्या कुसाकाबे तारो या तरुणाला शिकवले होते. १८७० मध्ये, पदवी हाती पडण्याआधीच, कुसाकाबे क्षयाने वारला. पुढे त्याच फुकुईचे बोलावणे आले आणि १८७१ च्या मार्चमध्ये २७ वर्षांचा ग्रिफिस तिथे रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवू लागला. त्याने प्रयोगशाळा उभारली. तो इंग्रजीत बोले आणि दुभाषा त्याचे जपानी करी.

आता गंमत पाहा. भाषा शिकवणाऱ्यापेक्षा विज्ञान शिकवणाऱ्या परदेशी माणसाची अडचण मोठी असायला हवी, कारण त्याला वाक्यांबरोबर संकल्पनाही पोचवायच्या असतात. पण बरेचसे शब्द आधीच घडलेले होते. उदागावा योआन या वैद्याने १८३७ पासून 'सेइमी काइसो' हा रसायनशास्त्राचा ग्रंथ खंडाखंडांनी प्रसिद्ध केला. मूळ पुस्तक इंग्रजी. त्याचे जर्मन, जर्मनचे डच आणि डचचे जपानी असा त्याचा प्रवास झाला. डच भाषेत ऑक्सिजनला 'आम्लद्रव्य', हायड्रोजनला 'जलद्रव्य' आणि नायट्रोजनला 'गुदमरवणारे द्रव्य' अशा अर्थाचे शब्द आहेत. योआनने त्यांवरून सान्सो, सुइसो आणि चिस्सो हे जपानी शब्द बनवले. आजही जपानी मुले हेच शब्द वापरतात. परदेशी शिक्षक येण्याच्या कितीतरी आधी त्याला वर्गापर्यंत नेणारा पूल एका देशी माणसाने बांधून ठेवला होता.

आपल्याकडेही असा माणूस होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८३५ मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक विलायतेहून आले. तिथेच साहाय्यक प्राध्यापक असलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत मांडले. पण जपानने हा पूल रुंद करत उच्च शिक्षणही आपल्या भाषेत आणले. आपण मात्र विद्यार्थ्यांनाच पलीकडच्या तीरावर जायला सांगितले.

१८७१ च्या ऑगस्टमध्ये संस्थाने खालसा झाली आणि ग्रिफिसला बोलावणारा सरदार फुकुई सोडून गेला. पुढच्या जानेवारीत ग्रिफिसही तोक्योला गेला.

मात्सुएचा शिक्षक

१८९० च्या सप्टेंबरमध्ये मात्सुए या लहान गावातल्या माध्यमिक शाळेत लाफ्काडिओ हर्न इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झाला. वय ४०, एका डोळ्याने अंध, पेशाने पत्रकार. जपानी येत नव्हते. त्याला सावरले ते शाळेतले सहकारी शिक्षक निशिदा सेन्तारो यांनी. त्यांचे इंग्रजी उत्तम होते. शाळेच्या रीतीभाती, मुलांचे स्वभाव, गावातले सणवार त्यांनी हर्नला समजावले. मुलांचे इंग्रजी निबंध हर्न केवळ चुका काढण्यासाठी वाचत नसे. ही मुले जगाकडे कशी पाहतात ते त्याला त्यांतून कळे. वर्गाकडून शिकणाऱ्या या शिक्षकाने पुढे जपानी नागरिकत्व घेतले.

१८९६ पासून तो तोक्यो विद्यापीठात शिकवत होता. १९०३ मध्ये त्याला जावे लागले. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. त्याच्या जागी नेमलेल्यांत इंग्लंडहून नुकतेच परतलेले नात्सुमे सोसेकी होते. हर्नला ते फार लागले. परदेशी शिक्षक बोलावायचा तो आपले शिक्षक तयार होईपर्यंत, हे जपानचे धोरणच होते. त्यात देशाचे हित होते आणि एका चांगल्या शिक्षकावर अन्यायही होता. दोन्ही एकदमच खरे.

दोन शिक्षकांचा वर्ग

१९८७ साली जपानने परदेशी तरुणांना शाळांत साहाय्यक म्हणून नेमण्याची 'जेट' योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४ देशांतून ८४८ जण आले. या योजनेत वर्गावर दोघे असतात: जपानी शिक्षक आणि परदेशी साहाय्यक. एकाकडे भाषेचा कान, दुसऱ्याकडे मुलांची ओळख. मॅकडोनाल्डकडे मोरियामा होता, ग्रिफिसकडे दुभाषा, हर्नकडे निशिदा. योगायोगाने जे जमले तेच इथे पद्धत म्हणून स्वीकारले गेले. पुढचे पाऊलही पडले आहे: पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. औद्योगिक पट्ट्यातल्या शाळांत भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले येतात. त्यांच्या लेखी समोर उभे असलेले गुरुजी आणि बाई परक्या भाषेतच बोलत असतात. 'प्राणवायू' हा शब्द अशा मुलाला मराठी पुस्तकात पहिल्यांदा भेटतो. अशा वर्गावर पहिल्या दिवशी जाताना तीन गोष्टी जवळ असाव्यात. मूल चुकते ते त्याच्या भाषेच्या नियमाने चुकते, याची जाण. त्याची भाषा येणारा एखादा सोबती. मग तो सहकारी असो, पालक असो वा वरच्या वर्गातला विद्यार्थी. आणि त्याच्या घरी त्या वस्तूला काय म्हणतात, हे त्यालाच विचारण्याची तयारी. उत्तर फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावे.