द्रवाचे घट्ट होणे : इंग्रजी व मराठी क्रियापदे आणि नगर जिल्ह्याची साक्ष

द्रव पदार्थ दाट अथवा घट्ट होण्याची क्रिया सांगण्यासाठी इंग्रजीत ‘थिकन’, ‘कंजील’, ‘कर्डल’, ‘क्लॉट’, ‘कोॲग्युलेट’, ‘सेट’, ‘सॉलिडिफाय’ अशी अनेक क्रियापदे आहेत. मराठीतही ती कमी नाहीत. तरीही या दोन मालिका एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत. अडचण शब्दसंख्येची नसून वर्गीकरणाच्या तत्त्वाची आहे. मराठी क्रियापद बहुधा घट्टपणाबरोबर त्याचे कारणही सांगते. थंडीने तूप थिजते व पाणी गोठते. विस्तवावर पाण्याचा अंश उडून दूध आटते. शिजता शिजता पिठले आळते. विरजणाने दूध विरजते. जखमेतील रक्त साकळते.

इंग्रजी क्रियापदांचा पूर्वेतिहास पाहिला, तर तीही आरंभी कारणवाचकच होती असे दिसते. ‘कंजील’च्या मुळाशी हिमवाचक लॅटिन शब्द आहे, ‘जेली’ हा शब्दही त्याच कुळातला. ‘कोॲग्युलेट’ हे ‘कोॲग्युलम’ या शब्दापासून आले, आणि त्याचा एक अर्थ दूध घट्ट करणारे द्रव्य, म्हणजे एका परीने तेथील विरजणच होय. पुढे ही मुळे बोलणाऱ्यांच्या स्मरणातून गेली. आज अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने, दुधातील केसीन आम्लामुळे आणि रक्त फायब्रिनच्या तंतूंमुळे घट्ट होते. तिन्ही ठिकाणी ‘कोॲग्युलेट’ हेच क्रियापद चालते. कारणाचा विसर पडल्यामुळेच त्या शब्दाला शास्त्रीय व्यापकता लाभली.

मराठीत कारणवाचक क्रियापदे किती जुनी आहेत, याची साक्ष नगर जिल्ह्यातच मिळते. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायात विश्व आणि परमात्मा यांचे अभिन्नत्व समजावून देताना हिमाचा हिमवंत, दुधाचे दही आणि थिजलेले तूप असे दृष्टान्त लागोपाठ येतात. तेथे तुपासाठी ‘थिजणे’ आहे, तर दुधासाठी ‘मुरणे’ आहे. सिद्धान्त एकच असूनही क्रियापदे एक केलेली नाहीत. हा भेद निरर्थक नव्हे. थिजलेले तूप ऊब लागताच पुन्हा पातळ होते. मुरलेल्या दुधाचे पुन्हा दूध होत नाही. थिजणे व गोठणे यांना पातळ होणे, वितळणे ही विरुद्धार्थी क्रियापदे आहेत. विरजणे याला तसे क्रियापद नाही. पदार्थविज्ञान ज्याला भौतिक व रासायनिक बदल म्हणते, त्यांतील अंतर स्वयंपाकघराच्या भाषेने अशा रीतीने नोंदवून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकात या शब्दसंपत्तीची इंग्रजीशी समोरासमोर गाठ पडली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे अहमदनगर येथे पडले. तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. धर्मप्रसाराबरोबर पाश्चात्य ज्ञान मराठीत आणणे हाही त्याचा एक उद्देश होता. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली झाला, तर मोल्सवर्थ यांच्या मूळ कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. मराठीतून इंग्रजीत जाताना थिजणे व गोठणे ही दोन्ही ‘कंजील’मध्ये सामावतात आणि भेद नकळत नाहीसा होतो. उलट दिशेने मात्र भाषांतरकाराला थांबावेच लागते. पदार्थ कोणता व कारण कोणते, हे ठरविल्यावाचून त्याला शब्द सापडत नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न ग्रंथांपुरता उरला नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गुऱ्हाळात काहिलीतील रस आटतो, त्याची काकवी होते, आणि पुढे सगळा पाक निवून त्याची ढेप होते. कारखान्यात निर्वात पात्रात रस आटविला जातो. परंतु घट्ट होतो तो केवळ साखरेचा दाणा, आणि मळी वेगळी निघते. ‘आटणे’ दोन्हीकडे समान असले, तरी दुसऱ्या क्रियेच्या शेवटासाठी ‘स्फटिकीभवन’ हा नवा शब्द आवश्यक ठरला. येथे संस्कृत संज्ञेने मराठीतील खरी उणीव भरून काढली.

सर्वत्र तसे घडले नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर परिभाषेचे कार्य पद्धतशीरपणे चालू झाले. शास्त्रीय मराठीत घनीभवन, संघनन, क्लथन या संज्ञा रूढ झाल्या, आणि आटणे, आळणे, साकळणे ही क्रियापदे बहुतांशी घरगुती व्यवहाराकडे राहिली. ‘गोठणबिंदू’ हा त्यातील सुखद अपवाद होय. तो शब्द विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी ‘फ्रीझ’च्या अनुकरणाने आलेले ‘खाते गोठवणे’ हेही सहज रुळले, कारण दोन्ही भाषांतील क्रियापदे थंडीचीच होती.

तात्पर्य, व्यापक संज्ञेची गरज नाकारता येत नाही. वेगवेगळ्या कारणांमागील समान परिणाम तिच्यावाचून सांगता येत नाही. परंतु कारण सांगण्याची वेळ येते तेथे मराठीला उसने शब्द घ्यावे लागत नाहीत. ‘रक्ताचे क्लथन होते’ एवढेच शिकलेला विद्यार्थी संज्ञा जाणतो. ‘रक्त साकळते, तूप थिजते, दूध विरजते’ हे जाणणाऱ्यापुढे तीन निरनिराळ्या प्रक्रियांचा प्रश्न आपोआप उभा राहतो. नेवाशाच्या ग्रंथात ज्या क्रियापदांनी अद्वैताचा भार पेलला, ती पाठ्यपुस्तकाचा भार पेलण्यास असमर्थ आहेत असे मानण्यास आधार नाही.