वेदोक्त प्रकरणांतील दोन वाद

करवीरचें वेदोक्त प्रकरण हा केवळ राजा व पुरोहित यांचा कलह होय, हें मत आम्हांस मान्य नाहीं. इ. स. १८९९ त पंचगंगेवर कार्तिकस्नानाचे वेळीं शाहू छत्रपतींसाठीं पुराणोक्त मंत्र म्हटले गेले. वेदोक्तास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचीं वतनें १९०२ सालीं सरकारजमा झालीं. १९०५ सालीं संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांनीं महाराजांचा अधिकार मान्य केला. हा वाद क्षत्रियत्वाचा होता. त्यानें वर्णांची उतरंड मोडली नाहीं, तींतील आपली पायरी मागितली.

१९११ सालीं कोल्हापुरांत सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हां प्रश्नच पालटला: मंत्र कोणता हा नव्हे, तर मध्यस्थ हवाच कां? ब्राह्मण पुरोहितावांचून लग्नें लागूं लागलीं. १९२० सालीं महाराजांनीं क्षात्रजगद्गुरूचें पीठ निर्माण केलें, तेव्हां कित्येक सत्यशोधकांनींच त्यावर आक्षेप घेतला; नवा गुरु हाहि त्यांस मध्यस्थच वाटला.

पहिल्या वादाचीं साधनें सनदा व निर्णयपत्रें. दुसऱ्याचीं घरोघरच्या लग्नाच्या याद्या. संग्राहकांनीं राजमुद्रेचा कागद अवश्य जपावा, परंतु कुणब्याच्या घरची यादीहि टाकूं नये. तींत पुरोहिताची दक्षिणा नसणें हाहि पुरावाच होय.