'बेन' : अक्षरे तीन, अर्थ अनेक

आपल्या समाजाच्या नावातील 'बेने' हे हिब्रू 'बेन' म्हणजे पुत्र या शब्दाचे अनेकवचनी रूप होय, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. परंतु रोमन लिपीतील बी, ई, एन ही तीन अक्षरे आम्ही आयर्लंडच्या नकाशावर पाहतो, तेव्हा तेथे पुत्राचा मागमूसही आढळत नाही. स्लायगो परगण्यातील 'बेन बुल्बेन' हा ५२६ मीटर उंचीचा डोंगर आहे. गॉलवे परगण्यातील 'ट्वेल्व्ह बेन्स' म्हणजे बारा शिखरे. पुत्राला आयरिश भाषेत 'मॅक' म्हणतात. डब्लिनच्या सिनेगॉगमध्ये सेफेर-तोरापुढे पाचारण होताना ऐकू येणारा 'बेन' निराळा आणि नकाशावरचा 'बेन' निराळा.

शिखरासाठी मूळ आयरिश शब्द 'बिन' असा आहे. ब्रिटिश सरकारने १८२४ साली आयर्लंडची मोजणी आरंभिली. जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारख्या विद्वानांनी गावोगाव फिरून मूळ नावे टिपली खरी, तथापि नकाशांवर छापली गेली ती इंग्रजी वळणाची रूपे.

'बिन' हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. जुन्या मराठी दस्तऐवजांत बापाच्या नावापूर्वी येणारा, अरबीतून आलेला 'बिन' म्हणजे पुत्र. 'बिनविरोध' मधील 'बिन' म्हणजे विना. मुंबईत आपल्या गुजराती शेजारणींच्या नावापुढे लागणारा 'बेन' म्हणजे बहीण, तर तुर्की भाषेत याच तीन रोमन अक्षरांचा अर्थ 'मी' असा होतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आपली आडनावे कोकणातील गावांवरून पडली. 'पेणकर' मधील पेण रोमन लिपीत लिहिले की इंग्रजी जाणणारा त्याला लेखणी समजतो. हिब्रूत लिहिले तर 'न जाणो' अशा अर्थाचा शब्द वाचला जातो. 'ण' दोन्ही लिप्यांत हरपतो, आणि त्याबरोबर गावही.

आयर्लंडमध्ये आज रस्त्यांवरील पाट्यांवर इंग्रजी नावासोबत मूळ आयरिश नावही लिहितात. समाजबांधवांनी हा धडा घ्यावा, अशी आमची विनंती आहे. दारावरील पाटीवर हिब्रू नावाशेजारी देवनागरी नाव लिहावे आणि त्या नावातील गाव कोठे आहे, हे नातवंडांना सांगावे.