हृदयाभोवतीचे कवच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका व्याधीचा इतिहास यावा, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु या व्याधीचे मर्म प्रथम स्पष्टपणे सांगणाऱ्या वैद्याचे पुढील आयुष्य आपल्या याच कलकत्ता शहराशी जोडले गेले आणि तिचे रुग्ण आपल्या देशात आजही आढळतात. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

हृदय एका पातळ दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असतो आणि त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर ते एकमेकांवरून विनासायास सरकतात. या आवरणाचा दाह दीर्घकाळ रेंगाळला, की कधीकधी दोन्ही पदर जाड होतात, एकमेकांस चिकटतात आणि काही रुग्णांत त्यात चुना साठून हृदयाभोवती टणक कवच तयार होते. जर्मन वैद्यांनी त्यास 'चिलखती हृदय' असे समर्पक नाव दिले. हृदयाचा स्नायू पुष्कळदा शाबूत असतो. तो आकुंचन पावतो, पण पुरेसा प्रसरण पावू शकत नाही. मग आत येणारे रक्त मागे तुंबते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजते, पोटात पाणी होते. विकार हृदयाच्या वेष्टनाचा, आणि तक्रार पोटाची! जलोदराचा रुग्ण म्हणून त्याच्या यकृतावर उपचार चालतात, प्रसंगी बिचाऱ्यावर मद्यपानाचा आळही येतो.

हृदयास जखडणारे हे आवरण इंग्लंडमधील रिचर्ड लोअर यांनी १६६९ मध्येच आपल्या हृदयविषयक लॅटिन ग्रंथात नोंदविले होते. तथापि ते नेमके काय करते, हे स्पष्ट व्हावयास पावणेदोनशे वर्षे लागली. १८४२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलच्या वृत्तांतात नॉर्मन चीव्हर्स या चोविशीच्या आसपासच्या तरुणाने दाखवून दिले, की आवळलेले आवरण हृदयाचे प्रसरणच रोखते. हेच चीव्हर्स पुढे कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि १८६१ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. आपल्याकडे त्यांचे नाव राहिले ते मात्र १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यायवैद्यकावरील ग्रंथामुळे. विषप्रयोग आणि ठगी यांची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकापुढे हृदयावरणावरील निबंध कोण वाचणार?

१८७३ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी दोन खुणा सांगितल्या. श्वास आत घेताना रुग्णाची नाडी क्षीण होते, क्वचित लागेनाशी होते, पण छातीत ठोके चालूच असतात. आणि निरोगी माणसाच्या मानेच्या शिरा श्वास घेताना उतरतात, त्या येथे उलट फुगतात. यांपैकी शिरांची खूण आम्हांस अधिक मोलाची वाटते. नुसत्या यकृताच्या विकाराने झालेल्या जलोदरात मानेच्या शिरा सहसा फुगत नाहीत. त्या पाहावयास डोळ्यांशिवाय काही लागत नाही. तरीही फसगत थांबली नाही. १८९६ मध्ये प्रागच्या फ्रीडेल पिक यांना 'यकृताचा आभासी काठिण्यविकार' अशी संज्ञा वापरून हाच घोटाळा उलगडावा लागला.

कवचच काढून टाकावे, असे १८९८ साली पॅरिसमध्ये एदमाँ दलोर्म यांनी सुचविले. प्रत्यक्षात ते धाडस १९१३ च्या सुमारास जर्मनीत लुडविग रेन आणि फेर्डिनांड झाउरब्रुख यांनी केले. १९२८ मध्ये बोस्टन येथे एडवर्ड चर्चिल यांनी एका तरुणीवर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. हृदय-फुप्फुस यंत्राचा माणसावर यशस्वी उपयोग झाला तो १९५३ मध्ये. तेव्हा हे सारे धडधडत्या हृदयावर, चिकटलेली साल इंच-इंच सोलीत करावे लागे. पातळ भित्तिका फाटली तर सगळेच संपले.

आपल्या देशात या दाहाचे प्रमुख कारण क्षय. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू दाखविला, १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हाती आले आणि क्षय बरा होऊ लागला. पण जंतू मेले तरी आवरण आवळणे नेहमीच थांबत नाही. याच प्रश्नावर केपटाउनचे बोंगानी मायोसी यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकेतील १,४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रेडनिसोलोन दिलेल्यांत आवरण आवळण्याचे प्रमाण ७.८ वरून ४.४ टक्क्यांवर आले. मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत, आणि एचआयव्हीबाधितांत त्याच औषधाने कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला.