वसईच्या वाडीतला आश्विन

वसई म्हटली की आपल्याला १७३९ चा मे महिना आठवतो. चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांची दोनशे वर्षांची सत्ता उखडली, तो! पण किल्ल्यावरचे निशाण बदलले म्हणून वाडीतली केळ काही व्यायची थांबली नाही. पाऊस सरून ऊन तापले की आगाशीकडे पिकलेली राजेळी सोलून मांडवावर वाळत घालतात आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. हीच ती सुकेळी. मुंबईचे पाहुणे तिची वाट पाहतात, ते उगाच नव्हे. दारी झेंडूचे तोरण, घरात सुकेळीचा वास! पुढे बैलांचे रहाट गेले, पंप आले, विहिरींचे पाणी मचूळ झाले. २००९ साली महानगरपालिका झाली. कितीएक वाड्यांवर इमारती उठल्या. उरलेल्या वाड्यांत मांडव अजून घालतात.