चौथऱ्यावरून उतरलेले इंजिन

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या आम्हा नवापूर-नंदुरबारकडच्या माणसांना दोन गोष्टींचे भारी कौतुक. एक म्हणजे आमचे नवापूर स्टेशन. महाराष्ट्र-गुजरातची हद्द थेट त्याच्या फलाटावरून जाते, आणि तिथल्या एका बाकाचे अर्धे अंग या राज्यात तर अर्धे त्या राज्यात आहे. दुसरी म्हणजे कोळशाची गाडी. ती जाऊन किती वर्षे झाली, पण लग्नकार्यात सुरतेचे व्याही आणि इकडचे पाहुणे एकत्र बसले की तिचा विषय निघतोच. मग कोणीतरी म्हणतो, "चौथऱ्यावरचे एखादे जुने इंजिन उतरवा, तेलपाणी करा आणि या मार्गावर पुन्हा सोडा. एमां शुं मोटी वात छे?"

वात मोटीच आहे. ती किती मोठी, हे सांगण्यासाठीच हा लेख.

सुरतेला वाफेचे नवल १८६० साली आले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबांची 'बीबीसीआय', हिचा पहिला तुकडा मुंबईत सुरू झाला नाही. तो तापीच्या उत्तर तीरावरच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंत, फेब्रुवारी १८६० मध्ये सुरू झाला. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत रूळ पोचायला १८६४ उजाडले. म्हणजे पहिली काही वर्षे ही रेल्वे मुंबईशी जोडलेली नव्हती. इंजिन समुद्रमार्गे यायचे, सुटे भाग समुद्रमार्गे यायचे, आणि एखादा भाग मोडला तर बदली भागाची वाट पाहत बसायचे. नव्या इंजिनाची पहिली दुखणी काय असतात, हे सुरतेच्या लोकांनी तेव्हाच पाहिले असणार.

शेजारी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम ही अडीच फुटी लाईन सुरू केली आणि तिच्यावर डबे ओढायला बैल जुंपले. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीचे इंजिन आणून पाहिले, पण रूळ इतके हलके की त्यांना इंजिनाचे वजन सोसेना. बैल पुन्हा कामाला लागले. १८७३ मध्ये जड रूळ टाकल्यावर मग इंजिने नियमित धावू लागली. मराठी संस्थानिकाची ही गोष्ट आपल्याकडे हसण्यावारी नेली जाते. मला ती शहाणपणाची वाटते. यंत्र आणि रस्ता यांची सोयरीक जमेपर्यंत बैल ठेवले, यात हसण्यासारखे काय आहे?

हे झाले नव्या इंजिनाचे. जुने इंजिन पुन्हा उठवायचे तर ताप दुप्पट. आपल्या देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण 'फेअरी क्वीन'चे. १८५५ मध्ये लीड्सला किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन यांच्या कारखान्यात बांधलेले हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेवर हावडा-राणीगंज मार्गावर धावले, १९०९ मध्ये निवृत्त झाले, कित्येक वर्षे चौथऱ्यावर उभे राहिले आणि शेवटी दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आले. ते १९९७ मध्ये मद्रासच्या पेरांबूर कारखान्यातून दुरुस्त होऊन पुन्हा मुख्य मार्गावर धावले, तब्बल ८८ वर्षांनी. १९९८ मध्ये गिनीज बुकाने त्याला नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने इंजिन म्हटले. छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. पण ८८ वर्षे थंड पडलेल्या लोखंडाला पहिला विस्तव लावणे म्हणजे काय, याचा विचार फार थोड्यांनी केला.

पहिली परीक्षा बॉयलरची. त्यात गच्च पाणी भरून, कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात. वाफेने परीक्षा घेत नाहीत, कारण पाणी दाबले जात नाही. पत्रा फाटला तर पाणी गळेल, एवढेच. वाफ मात्र पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते. कुठे शिवण उसवली, तर तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि बॉयलर तोफेसारखा उडतो. भट्टीचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा शेकडो खिळ्यांनी जोडलेले असतात. ते एकेक हातोडीने ठोकून आवाजावरून पारखायचे. चांगला खिळा ठणकन वाजतो, तुटलेला बद्द. कुंभाराचे मडके वाजवून घेणाऱ्या आमच्या आजीला हे काम लगेच जमले असते.

मग पहिला विस्तव. इथे घाई करणारा फसलाच. भट्टी लवकर तापते, बाहेरचे कवच उशिरा. दोघांचे फुगणे सारखे नसले की नळ्यांच्या तोंडाशी पाझर सुटतो. म्हणून लहानशी आग, दिवसभर, नुसते ऊब देण्यापुरती. तरीही नव्या बसवलेल्या नळ्या थोड्या पाझरतातच. काही पाझर चार-दोन वेळा पेटवल्यावर आपोआप बुजतात, काही नळ्या मात्र पुन्हा ठोकून बसवाव्या लागतात. कुठले पाझर सोडून द्यायचे आणि कुठल्यासाठी भट्टी विझवायची, हे ज्याला कळते तो खरा बॉयलरवाला.

दुसरे दुखणे मला सर्वांत फसवे वाटते. दुरुस्तीत पत्र्यांना लागलेले तेल पाण्यात मिसळते आणि उकळताना बॉयलरमध्ये फेस येतो. दूध उतू जावे तसे ते पाणी वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाते. पाणी दाबले जात नाही, हाच गुण इथे घात करतो. दट्ट्या पाण्यावर आपटला तर सिलिंडरचे झाकण फुटते. म्हणून आधी सोडा घालून बॉयलर उकळून, धुऊन काढतात. पाणी जड असेल तर आणखी त्रास. चहाच्या किटलीत जमते तशी पांढरी खापरी बॉयलरात धरते आणि पत्रा जळतो.

इंजिन हलले, म्हणजे तिसरे दुखणे. वर्षानुवर्षे चाके एकाच जागी उभी. आसाच्या घासणाऱ्या भागावर गंजाचे खड्डे. त्यावर नवे, मऊ धातूचे बेअरिंग बसवले की पहिल्या काही मैलांतच ते तापते, धातू वितळतो, तेल जळाल्याचा वास येतो. रेल्वेच्या भाषेत 'हॉट अॅक्सल'. म्हणून आधी इंजिन एकटेच, हळूहळू चालवायचे, थांबायचे, हाताचा पंजा आसाच्या पेटीवर ठेवायचा. पंजा ठेवता आला तर पुढे.

परदेशात हे सुरळीत होते, असा गैरसमज नको. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंग्लंडचे लाडके इंजिन. तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २००४ मध्ये विकत घेतले, २००६ मध्ये दुरुस्तीला काढले. चौकटीत तडे सापडले, काम लांबत गेले, ४२ लाख पौंड खर्च झाले आणि दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, ते लंडनहून यॉर्कला गेले. तेही जानेवारीत ब्रेकने दगा दिल्यानंतर, फेब्रुवारीत! एवढा पैसा, एवढे कारागीर, आणि तरीही.

आपली अडचण पैशाइतकीच माणसांची आहे. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ मध्ये संपली. ७५५ डब्ल्यूपी इंजिने या देशात धावली. बाणासारख्या निमुळत्या नाकाची ती इंजिने आमच्या पिढीने मेलगाड्यांपुढे पाहिली आहेत. तिच्या बॉयलरात चौरस इंचाला २१० पौंडांचा दाब असे. त्या दाबापुढे उभे राहून, काचेतल्या पाण्याच्या रेषेवर डोळा ठेवून, चढ येण्याआधी किती फावडी टाकायची हे ठरवणारा फायरमन पुस्तकातून तयार होत नाही. आमच्या नात्यातले एक जुने फायरमन सांगत, "आग पांढरी दिसली पाहिजे. लाल दिसली म्हणजे उशीर झाला." हे वाक्य कुठल्या नियमावलीत सापडायचे?

'फेअरी क्वीन'लाही त्याचा अनुभव आला. २०११ मध्ये चोरांनी तिचे भाग पळवले. तिला पुन्हा पेरांबूर गाठावे लागले, आणि ती प्रवाशांना घेऊन परत धावायला २०१७ उजाडले. दीडशे वर्षांच्या इंजिनाचा भाग बाजारात मिळत नाही. तो पुन्हा ओतायचा, कातायचा, बसवायचा, आणि मग वरची सगळी दुखणी पहिल्यापासून.

याला सोपा मार्गही निघाला आहे. सुरतेहून फार दूर नाही अशा एकतानगरहून अहमदाबादला ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी एक वारसा-गाडी सुरू झाली. इंजिनाचे रूप वाफेचे, आत वीज. मुलांना ती आवडते आणि त्यात काही वाईट नाही. पण तिला वारसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जे गळत नाही, तापत नाही, रुसत नाही, त्याच्यासाठी कोणा पोराने खिळ्याचा आवाज ओळखायला कशाला शिकावे?

आमच्या मार्गावर खरे इंजिन धावावे असे मलाही वाटते. पण आधी दोन-चार तरुण, मराठी असोत की गुजराती, रेवाडीच्या वाफेच्या शेडमध्ये वर्षभर पाठवा. हातोडी देऊन. इंजिनाचे नंतर बघू.